सात पिढ्यांचं खत

माहेरच्या घराचं नाव निघालं की माझ्या वयाच्या बायका डोळे मिटून काही काही आठवतात. प्राजक्त, झोपाळा, असलं काहीबाही. माझा हात आधी नाकाकडे जातो. सून हसते. म्हणते, तुमचं घर म्हणे मोठं ऐतिहासिक होतं. होतं बाई, ऐतिहासिक होतं आणि घाणेरडंही होतं, दोन्ही सांगते. म्हातारपणी सगळं गोड लागायला लागतं असं लोक म्हणतात, मला ते घर अजून गोड लागलेलं नाही. मी शाळा फारशी शिकले नाही, तेव्हा लिहिण्यात मागचं पुढे, पुढचं मागे होईल, ते तुम्ही सांभाळून घ्या.

कुंभकोणमहून नाचियार्कोविलला जाताना अरसलार नदीचा पूल ओलांडला की रस्त्याला लागूनच आमचं घर. आमचा मूळपुरुष तंजावरच्या राजांच्या मेंढ्या हाकत देशावरून इकडे आला, असं अप्पा सांगत. अप्पा म्हणजे माझे वडील. राजवाड्यात पूजेला बसायला काळ्या लोकरीचं कांबळं लागायचं, आणि इकडच्या मेंढ्या केसाळ, लोकर नसलेल्या. म्हणून काळ्या मेंढ्या आणल्या. पण हा मुलूख पाण्याचा. जिकडे पाहावं तिकडे भाताची खाचरं, पायाखाली कायमचा चिखल. मेंढ्यांचे खूर कुजायला लागले. तेव्हा त्या माणसानं जे घर बांधलं तसं घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. इतरांच्या घरी मधोमध चौक असतो, त्याला इकडे मुत्तम म्हणतात, त्यात ऊन येतं, पाऊस पडतो, तुळस असते. आमच्या घरात त्या जागी मेंढ्या होत्या. पुरुषभर उंच विटांचं जोतं, त्यावर ताडाच्या चिरलेल्या फळ्या, दोन फळ्यांत बोटभर फट. मेंढ्या फळ्यांवर, त्यांची लेंडी-मूत खाली. खाली विटांच्या कमानींचं बसकं तळघर, नदीच्या बाजूला भोकं ठेवलेली, म्हणजे वारा आत शिरून फळ्या खालून सुकाव्यात. त्या तळघराला आमच्याकडे ‘पोट’ म्हणत. आणि या सगळ्याच्या चहूबाजूंनी, भिंतींना भिंती लावून, आम्ही माणसं राहायचो. स्वयंपाकघर, देवघर, निजायच्या खोल्या, सगळ्यांची दारं मेंढ्यांकडे तोंड करून. खांबांच्या डोक्यावर मेंढ्यांची कोरलेली तोंडं होती, वळलेल्या शिंगांची. पाहुणे त्यांना सुंदर म्हणायचे. पाहुण्यांना तिथे राहायचं नसायचं.

भिंतींचे कोपरे कंबरेपर्यंत गोल केलेले होते, मेंढी घासली तर तिला लागू नये म्हणून. माणसाला लागू नये म्हणून एकही कोपरा गोल नव्हता. पिढ्यान्पिढ्या मेंढ्या त्या भिंतींना अंग घासत गेल्या आणि घरभर, मांडीच्या उंचीला, एक काळा चकचकीत पट्टा तयार झाला. चुना कितीही लावा, महिन्याभरात पट्टा वर येई. हात लागला की तेलकट, मेणचट, आणि तो वास साबणानं जात नसे. मी त्या घरात बारा वर्षं अंग चोरून चालले. अजूनही बाजारातून जाताना मी भिंतीपासून लांब चालते, मुलं विचारतात, आई, तू रस्त्याच्या मधून का चालतेस?

जेवायला आम्ही आतल्या ओसरीवर बसायचो. समोर लाकडी कठडा, कठड्यापलीकडे मेंढ्या. अम्मा रसम वाढते आहे, वाफ येते आहे, मोहरी-कढीपत्त्याचा वास आत्ता कुठे नाकात शिरतो आहे, आणि तेवढ्यात कठड्यामागे एखादी मेंढी शेपूट हलवायची. फळीवर टपटप आणि मग खाली पोटात, सुपात उडीद ओतावेत तसा आवाज. मग अम्मा विचारी, ‘उडदाचा अप्पळम घेतेस काय गं?’ अप्पळम म्हणजे पापड. मी पान पुढे सारत असे. मेंढ्या माणसासारख्या खोकतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? अगदी खाकरून, म्हाताऱ्या माणसासारख्या. दह्यात केस, भातात केस, वेणीत लेंडीचा तुकडा. अम्मा बिचारी रोज सकाळी कॉफीच्या बिया मुद्दाम जरा जास्त भाजायची, मेंढ्यांचा वास दबावा म्हणून. त्यानं एवढंच झालं की मला कॉफीलाही मेंढीचा वास येतो. वर्षातले दोन महिने, कापणी झाल्यावर, आमचे मेंढपाळ मारिमुत्तु कोनार कळप घेऊन गावोगावच्या शेतांत बसवायला जात. शेतात मेंढ्या बसल्या की जमिनीला खत मिळतं, त्यासाठी लोक बोलावून नेत. ते दोन महिने मी श्वास घेत असे.

शाळा कुंभकोणमला. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून तमिळमध्ये हाळी यायची, ‘आट्टुपट्टी वंदाच्चु!’ मेंढवाडा आला. सगळ्या पोरी पदराची टोकं नाकाला लावायच्या. शेजारी बसायची ती एकटी नूरी. तिच्या वडिलांचं अत्तराचं दुकान होतं, तिच्या नाकाला सगळं सारखंच लागायचं असं ती म्हणे. घरी ते लोक दखनी उर्दू बोलत. हे नूरीचं लक्षात ठेवा.

तर मी बारा वर्षांची होते त्या वर्षी कुंभकोणमचे एक भातगिरणीवाले अप्पांकडे यायला लागले. रस्त्यालगतची जागा त्यांना भात वाळवायच्या खळ्याला हवी होती. घर पाडायचं, फरशी घालायची. बदल्यात गावात, देवळाच्या तलावाजवळ, नळाचं पाणी असलेलं घर द्यायला ते तयार होते. नळ! मी तर मनातल्या मनात माझी ट्रंक भरूनही टाकली. अम्माही तयार होती, फक्त बोलत नव्हती. अप्पांचा जीव मात्र त्या फळ्यांत. ते कठड्याला टेकून उभे राहत, तो काळा पट्टा हातानं चोळत, माझ्या अंगावर काटा यायचा, आणि म्हणत, ‘बघूं. बघूं.’

अशात पुण्याहून पत्र आलं. तिकडचे कोणी गृहस्थ जुन्या घराण्यांची माहिती जमवत होते, तंजावरात त्यांना आमचं नाव कळलं होतं. अप्पांनी पत्र ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. ‘आपल्या घराण्यातील जुनी खते आपण अद्याप जपून ठेवली आहेत असे ऐकतो. ती किती पिढ्यांची आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, वाळवी लागली आहे काय, हे कृपया कळवावे. ती प्रत्यक्ष पाहण्याची फार इच्छा आहे.’

आता इथे थांबून सांगायला हवं. आमची मराठी इकडची, अडीच-तीनशे वर्षांपूर्वी देशावरून निघाली ती निघालीच, मागे वळून पाहिलं नाही. चिठ्ठीला आम्ही कागद म्हणायचो. घरजमिनीच्या दस्तऐवजाला तमिळमधलं पत्तिरम. आणि खत म्हणजे खत. शेतात घालतात ते. शिवाय आमच्या घरी जुनं खत खरोखरच होतं. दर वर्षी आडी म्हणजे आषाढ महिन्यात नदीला पाणी येण्याआधी पोटातलं खत काढून गाड्या भरायच्या, पण उत्तरेकडच्या कोपऱ्यातला थर कधीच काढायचा नाही अशी रीत होती. त्याला ‘विरजण’ म्हणत. दूध जसं कालच्या दह्यानं लागतं तसं नवं खत जुन्यानं लागतं, असं अप्पांचं म्हणणं. मूळपुरुषापासूनचं विरजण तिथे होतं, काळं, दडस, फावडं न लागलेलं.

अप्पांनी पत्र खाली ठेवलं. त्यांचे डोळे चमकत होते. ‘ऐकलेंत काय?’ ते अम्माला म्हणाले. ‘इतक्या वर्षांत कुणी एक माणूस विचारतो आहे. देशावरचा माणूस तो, त्याला किंमत ठाऊक.’

‘खत बघायला पुण्याहून येणार?’ अम्मा म्हणाली.

‘वाळवी लागली काय म्हणून विचारतो. केवढा बारकाईचा माणूस!’

त्यांनी उत्तर लिहिलं ते मला पाठ आहे, कारण शाई वाळवायला माझ्याच हातात दिलं होतं. ‘सात पिढ्यांचें आहे. वाळवी नाहीं. वरून कोरडें, आंत ओलसर. हात घातल्यास अद्याप ऊब लागते.’ पंधरा दिवसांनी पुण्याचं दुसरं पत्र आलं. ‘हात घातल्यास अद्याप ऊब लागते, हे आपले वाक्य वाचून माझे डोळे भरून आले. पूर्वजांविषयी असे लिहिणारा माणूस विरळा.’ अप्पांनी ते पत्र देवघरात ठेवलं. आणि त्या दिवशी जेवताना सांगून टाकलं, ‘मी ठरवलें आहे. तो माणूस येईल, घर बघेल. त्यानें चांगलें म्हटलें तर गिरणीवाल्यास नाहीं सांगेन. त्यानें शी म्हटलें तर आपण गांवांत जाऊं.’

माझा नळ, माझं स्वच्छ घर, सगळं त्या पुण्याच्या माणसाच्या नाकावर येऊन ठेपलं.

आणि मग दोनच दिवसांनी शाळेत नूरी नाचत आली. ‘सिंगापूर से मामू का खत आया!’ मी म्हटलं, काय आलं? तिनं पाकीट दाखवलं. खत म्हणजे चिठ्ठी, म्हणाली, जमिनीच्या कागदालाही आमचे दादा खतच म्हणतात. माझ्या डोक्यात सगळं एकदम जाग्यावर बसलं. वाळवी, पिढ्या, डोळे भरून येणं. तो माणूस कागद बघायला येतो आहे, आणि अप्पा त्याला पोटात उतरवणार आहेत.

घरी जाऊन मी सांगायला हवं होतं. एक वाक्य. अप्पा हसले असते, दुसरं पत्र लिहिलं असतं. मी वाटेत शब्द जुळवलेही. दारात आले, उंबऱ्याचा दगड खुरांनी झिजून पन्हळीसारखा झालेला, त्यात ताजं मूत साचलं होतं आणि माझा पाय त्यात पडला. मी काही बोलले नाही.

पुढचे आठ दिवस अप्पांनी पोट साफ करून घेतलं. कोपऱ्यातलं विरजण एका बाजूनं सरळ कापून काढायचं होतं, पाहुण्यांना थर दिसावेत म्हणून. कमानीचं तोंड लहान, मोठ्या माणसाला आत वळता येत नाही. मी उतरले. त्या उन्हाळ्यात आत जी आग होती, डोळ्यांत, नाकात, घशात, ती काय सांगू. मुताच्या वाफेनं डोळ्यांतून धारा लागायच्या. बोटांच्या पेरांत काळं शिरलं ते महिनाभर निघालं नाही. वरून मारिमुत्तु कोनार फळीच्या फटीतून म्हणायचे, ‘पापा, हळू गं, देव आहे तो.’ पापा म्हणजे इकडे लहान मुलगी. मी आतून म्हणायचे, ‘देव असेल तर त्याला आंघोळ घाला.’ ते खो खो हसायचे. मी टोपल्या भरून वर द्यायचे. टोपल्या आमच्या घरच्या, कागदाच्या. जुना कागद भिजवून, मेथ्यांबरोबर कुटून, मडक्यावर थापून वाळवायचा की टोपली होते, घट्ट, हलकी, किडा लागत नाही. अम्माच्या सासूच्या सासूपासून आमच्याकडे त्या टोपल्या होत्या.

पाहुणे आले ते सकाळी दहाच्या सुमारास, बसमधून. पांढरं धोतर, पांढरा कोट, हातात कातड्याची पिशवी, तिच्यात म्हणे भिंग आणि टिपकागद. बोलणं इतकं गोड की अम्मा दाराआडून ऐकत राहिली. अप्पा बोलले तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, ‘वा! काय जुनी मराठी! कान धन्य झाले.’ दारापाशी त्यांनी एकदा रुमाल नाकाला लावला आणि सभ्यपणानं परत खिशात ठेवला. मी ते पाहिलं. स्वयंपाकघरात डांगराची पच्चडी, आंबट भाजी, पायसम सगळं तयार होतं. ‘आधी खतं बघू,’ पाहुणे म्हणाले. ‘मला धीर धरवत नाही.’

‘असेंच पाहिजे,’ अप्पा म्हणाले. ‘खाली आहे. जरा वाकावें लागेल.’

‘तळघरात? उत्तम! जुने लोक हुशार.’

मी त्याआधीच कमानीच्या तोंडाशी बादली भरून ठेवली होती. शेजारी साबण, वर घडी केलेला पंचा. का ठेवली? पाहुण्याची दया आली असेल. किंवा पुढे काय होणार ते ठाऊक असलं की हात आपोआप तयारी करतात. मी आजवर त्याचं उत्तर शोधते आहे.

पाहुणे गुडघ्यांवर आत गेले. अप्पा मागून दिवा धरून. आतून आवाज आला, ‘फार अंधार आहे, कुठे आहेत?’ अप्पा म्हणाले, ‘समोर. हात घाला. ऊब बघा.’ आणि त्या भल्या माणसानं कोपरापर्यंत हात घातला.

ते मागे सरकताना घसरले, बसले ते त्यातच बसले. बाहेर आले ते ओकतच. पांढऱ्या कोटावर काळं, मिशीला काळं. ‘हे काय आहे? हे काय आहे?’ एवढंच म्हणत होते.

‘खत,’ अप्पा म्हणाले. हातातला दिवा तसाच. ‘सात पिढ्यांचें.’

‘अहो, खत! खत म्हणजे दस्तऐवज! सनदा! कागद! लेंड्या बघायला मी तीन दिवस रेल्वेत बसलो काय?’

अप्पांनी दिवा खाली ठेवला. मग फार हळू म्हणाले, ‘कागद होते. पेटी होती मोडीची. वाचणारा कुणी उरला नाही.’ त्यांनी अम्माकडे पाहिलं. अम्मा पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘त्यांच्या टोपल्या केल्या ना. तुमच्या आईनें, आणि मग मी.’

पाहुण्यांनी टोपल्यांकडे पाहिलं. कोपऱ्यात नऊ-दहा रचलेल्या होत्या, खतानं माखलेल्या. त्यांनी एक उचलली, माझ्या बादलीत बुडवली, बोटानं चोळली. मी त्या माणसाला नावं ठेवत नाही. अंगावर ती घाण, डोळ्यांतून पाणी, आणि तरी टोपली नाकाला लावून उन्हात धरून तो वाचत होता. लगद्यात एक तुकडा न कुटलेला राहिला होता. ‘मेंढरांचे… मेंढरांचे पाय कुजतात, सबब घराचे मधी उंच…’ पुढे मेथ्यांचा लगदा.

‘उंच फळी घालोन राहावें,’ अप्पा म्हणाले.

पाहुण्यांनी वर पाहिलं. ‘तुम्हाला कसं ठाऊक?’

‘माझे वडील म्हणत. त्यांचे वडील म्हणत. कागदांत आहे तें ठाऊक नव्हतें.’

त्या क्षणी, मी शपथेवर सांगते, घर वाचलं होतं. अप्पांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पण पाहुण्यांचा हात परत कोटाला लागला, काळा झाला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘शी! शी! अहो, सनदेच्या टोपल्या करून शेण भरता! माणसं राहतात का असल्या घाणीत?’

ते जेवले नाहीत. विहिरीवर तीन वेळा अंगाला साबण लावून, अप्पांचं धोतर नेसून, दुपारच्या बसनं गेले. अम्मानं सगळं पायसम मेंढ्यांच्या दोणीत ओतलं.

अप्पा बादलीपाशी उकिडवे बसले होते. मी जवळ गेले. पाणी काळं झालं होतं, वर मेथीचे दोन दाणे तरंगत होते. ते वर न बघताच म्हणाले, ‘तुळजे, ही बादली तूं आधींच कां भरून ठेवलीस?’

‘तुमच्यासाठी, अप्पा. तुमचे हात धुवायला.’

‘आणि साबण?’

‘तोही.’

त्यांनी मान हलवली. माझे हात त्या घरात कशाकशानं बरबटले होते, पण एवढे त्या वेळीच वाटले. मला स्वतःची ओकारी आली, खरंच आली, मी विहिरीमागे जाऊन आले. मेंढीची किळस आली की माणूस नाक धरतं, स्वतःची आली की काय धरावं?

गिरणीवाल्यांना होकार गेला. मेंढ्या मारिमुत्तु कोनारांना दिल्या. विरजण त्यांनी फावड्यानं काढून आपल्या चार खाचरांत पसरलं, आणि त्या वर्षी त्यांचं भात आडवं पडेपर्यंत वाढलं असं ते आम्हाला गावात येऊन सांगून गेले. अप्पांनी विचारलं, ‘ऊब होती काय?’ कोनार म्हणाले, ‘होती, अय्या.’ खांबांवरची मेंढ्यांची तोंडं कुठे गेली ठाऊक नाही. त्या जागी अजून भात वाळतं म्हणे. मी तो पूल ओलांडत नाही.

गावातलं घर स्वच्छ होतं. नळ होता. शाळेत महिनाभरात पोरींनी पदर खाली घेतले. रस्ता झाडलेला, उंबरा कोरडा, माझ्या पायांना शाळेतून घरी येईस्तोवर धूळसुद्धा लागत नसे. आणि रोज मी शाळेतून आले की दाराशी बादली भरलेली असे. शेजारी साबण, वर घडी केलेला पंचा. अप्पा ओसरीवर बसलेले असत, दुसरीकडे बघत. एका शब्दानं त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. माझं लग्न होऊन मी सासरी गेले त्या दिवसापर्यंत एक दिवसही ती बादली रिकामी नव्हती, आणि मी रोज तिथे उभी राहून स्वच्छ पाय धूत असे.